पाहुण्यांसमोर बावीस प्रतिज्ञा

आमच्या विहारात सर्व परंपरांनी मिळून बुद्धजयंती करायचं पहिल्यांदा ठरलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ च्या दीक्षेत दिलेल्या बावीस प्रतिज्ञा कार्यक्रमपत्रिकेतून वगळाव्यात ही सूचना माझी होती. ती कुणी माझ्या तोंडी घातली नव्हती. मी बैठकीत उभी राहिले, कारणं सांगितली आणि सूचना मंजूर करून घेतली. आज मी बरोबर उलट बाजूला आहे. कार्यकारिणीतली नवी मुलं कधीकधी विचारतात, "मॅडम, तेव्हा तुम्हीच काढायला लावल्या होत्या ना?" हो, मीच. आणि उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमची वस्ती उत्तर नागपुरातली. बाहेरच्या वाचकाला कदाचित कल्पना नसेल, पण जगातले निरनिराळे बौद्ध पंथ एका दिवसात भेटून यायचे तर नागपूर-विदर्भासारखी जागा नाही. कामठी रोडवर त्रिरत्न बौद्ध महासंघाशी जोडलेलं नागलोक आहे, तिथं चालणाऱ्या बुद्धाची उंच मूर्ती आहे. पुढं कामठीत जपानी मदतीतून १९९९ मध्ये उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस. इंदोऱ्यात भदन्त सुरई ससाई. जन्मानं जपानी, पण आता आमचेच. वर्ध्याला निप्पोन्झान म्योहोजी या जपानी पंथाचा विश्वशांती स्तूप. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत, तिथली माणसं हिवाळा लागला की स्वेटर विकायला नागपुरात येतात. आणि विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेलं कुणी ना कुणी तर आमच्या प्रत्येक गल्लीत आहे. इतकी वर्षं हे सगळे आपापल्या जागी वैशाखी पौर्णिमा करायचे. एकत्र करावी ही कल्पना एका तरुण कार्यकर्त्याची. मी विरोध केला नाही, पण अट घातली: जे सगळ्यांना समान आहे तेवढंच मंचावर होईल. त्रिशरण, पंचशील, थोडा वेळ ध्यान, एक व्याख्यान, खीरदान. तिबेटी लोकांचे दिवे नकोत, तारादेवीची पूजा नको, जपानी ढोल नको. मग न्यायानं आपलंही काही नको. भीमगीतं नकोत, बावीस प्रतिज्ञा नकोत.

माझी कारणं वरवरची नव्हती. मी कॉलेजात पाली शिकवते. सर्व बौद्धांना मान्य होईल असा किमान मसुदा करण्याचे प्रयत्न थोरामोठ्यांनी केलेले आहेत, हे मला माहीत होतं. कर्नल ऑल्कॉट यांनी १८९१ मध्ये चौदा कलमं काढून सिंहली, ब्रह्मी आणि जपानी भिक्खूंची त्यावर संमती घेतली होती. १९६७ मध्ये कोलंबोला जागतिक बौद्ध संघ परिषदेत वालपोल राहुल यांनी थेरवाद आणि महायान यांना जोडणारी सूत्रं मांडली. त्यांनी केलं ते आपण एका विहारापुरतं करावं, असा माझा हिशेब होता.

दुसरं कारण मात्र पुस्तकातलं नव्हतं, घरातलं होतं. दीक्षेनंतर माझ्या आजोबांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि नदीत सोडून आले. आजी त्या रात्री जेवली नाही, असं वडील सांगतात. भीती काय असते ते मोडणाऱ्यालाच कळतं. लेकरू तापानं फणफणलं की शेजारीण म्हणायची, देव टाकले ना, भोगा आता. त्या बोलण्याला न जुमानता एक पिढी उभी राहिली. तिच्या अंगणात आता मंत्रचक्रं फिरवायची, दिवे ओवाळायचे, कुणा देवतेसारख्या मूर्तीपुढं लोटांगण घालायचं? मला ते बघवणार नव्हतं. आणि मी दिवे काढायला सांगणार असेन तर आपल्या प्रतिज्ञाही बाजूला ठेवायला हव्यात, नाहीतर ती यजमानांची दांडगाई झाली असती. प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव न मानण्याची गोष्ट आहे, बुद्ध विष्णूचा अवतार नाही हे आहे, श्राद्ध-पिंडदान न करण्याचं आहे. दूर देशातून आलेल्या भिक्खूंना या आमच्या भांडणाशी काय घेणं, असंही मी म्हटलं.

कार्यक्रम माझ्या मसुद्याप्रमाणं झाला. मे महिना, संध्याकाळ झाली तरी भिंती तापलेल्या, मंडपात चारही कोपऱ्यांना कूलर घरघरत होते. त्रिशरण-पंचशील सगळ्यांनी म्हटलं. पण त्या किमान गोष्टीतसुद्धा समानपण नव्हतं. तिबेटी माणसं शरण जातात तेव्हा बुद्ध, धम्म, संघ यांच्या आधी गुरूचं नाव घेतात. त्यांचं शरणगमन आपल्यापेक्षा एका ओळीनं मोठं. दिवसाचंही तसंच. जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण ही तिन्ही वैशाखी पौर्णिमेला, असं आपण मानतो. जपानमध्ये जन्म ८ एप्रिलला, ज्ञानप्राप्ती ८ डिसेंबरला आणि निर्वाण १५ फेब्रुवारीला मानतात. तिबेटी पंचांगातली सागा दावाची पौर्णिमा आपल्या वैशाखीपासून कधीकधी एक महिना पुढं जाते. म्हणजे जे समान म्हणून मी ठेवलं होतं, ते पाहुण्यांनी आमच्यासाठी मान्य केलेलं होतं, एवढंच.

ध्यान झालं, व्याख्यान झालं, आणि लोक एकमेकांकडं बघू लागले. बायका घरून गाणी बसवून आल्या होत्या, त्या मुकाट बसल्या. पाहुणे एका रांगेत पाहुण्यासारखे बसले. गोठणगावहून आलेल्या एका म्हाताऱ्या तिबेटी बाईंनी रेक्झिनच्या पिशवीतून पितळी दिवल्या आणल्या होत्या; पिशवीची चेन त्यांनी उघडलीच नाही. जाताना खिरीचा द्रोण हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "आप लोग घर में भी इतना ही करते हो?" मी म्हटलं, नाही, घरी पुष्कळ काही असतं. त्यांनी मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावली.

त्या रात्री वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला. ते १९५६ च्या दीक्षेला होते, सोळा वर्षांचे, पांढरी बंडी उसनी आणून. कार्यक्रमात ते शेवटच्या रांगेत बसले होते. म्हणाले, "चंद्रमणी महास्थवीर मंचावर होते, तेव्हा बाबासाहेबांनी प्रतिज्ञा गाळल्या होत्या काय?"

हा इतिहास मी दरवर्षी वर्गात सांगत आले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी त्रिशरण आणि पंचशील घेतलं ते भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून. मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे, कुशीनगरला राहणारे, थेरवादी. मंचावर महाबोधी सोसायटीचे देवप्रिय वलिसिंह होते, ते सिंहली. आदल्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत बाबासाहेबांना पंथाबद्दल विचारलं गेलं होतं. हीनयान-महायानाच्या वादात आपण पडणार नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि नवयान हे नाव पुढं आलं. म्हणजे परंपरागत दीक्षा त्यांनी परंपरेच्या हातून घेतली, आणि त्यानंतर लाखोंच्या समोर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या कुठल्याच परंपरेत नव्हत्या. कुठल्या विनयग्रंथात नाहीत, लंकेत नाहीत, ब्रह्मदेशात नाहीत. पाहुणे ज्या मंचावर बसले होते त्याच मंचावरून त्या दिल्या गेल्या. पुढच्या महिन्यात काठमांडूला विश्व बौद्ध परिषदेत बाबासाहेब बोलले ते बुद्ध आणि मार्क्स या विषयावर. तिथंही त्यांनी जगभरच्या बौद्धांना रुचेल असा मुळमुळीत विषय निवडला नाही.

हे सगळं मला पाठ होतं. पण मी ते दोन वेगळ्या प्रसंगांसारखं शिकवत असे: आधी धर्मांतराचा विधी, नंतर सामाजिक घोषणा. वडिलांसाठी तो एकच प्रसंग होता. उन्हात उभं राहून त्यांनी एकाच दमात दोन्ही ऐकलं होतं. मी पाहुण्यांचा मान म्हणून जे गाळलं, ते पाहुण्यांच्या देखत सांगण्यासाठीच बाबासाहेबांनी तो मंच वापरला होता.

पुढच्या वेळी मी उलटी सूचना आणली. कुणाचंच काही काढायचं नाही. प्रत्येकानं आपलं जसंच्या तसं करायचं, बाकीच्यांनी ऐकायचं-बघायचं, भाग घ्यायची सक्ती कुणावर नाही. आणि प्रत्येक विधीनंतर ज्याला विचारायचं असेल त्यानं विचारायचं. ही शेवटची अट एका मुलीनं जोडली. ती नसती तर सगळं सांस्कृतिक कार्यक्रमाच्या वळणावर गेलं असतं, हे आज कळतं.

विरोध झाला. ज्येष्ठ मंडळींना दिव्यांचा विरोध, विपश्यनेच्या साधकांना घोषणांचा. एक गृहस्थ म्हणाले, आपल्या पोरांना आपल्याच प्रतिज्ञा पाठ नाहीत आणि तुम्ही त्यांना तिबेटी मंत्र ऐकवताय. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, पोरांना प्रतिज्ञा पाठ करायला कारण मिळेल, कारण परक्या माणसासमोर म्हणायच्या आहेत.

तो कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालला. निप्पोन्झानच्या भिक्खूंनी हातातल्या पंख्यासारख्या ढोलावर सद्धर्मपुंडरीकाच्या नावाचा घोष केला, तेव्हा आमच्या समता सैनिक दलाची पोरं आपसूक पावलं टाकायला लागली. बाळबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओतायची जपानी रीत एका पाहुण्यानं दाखवली. वस्तीतल्या लेकरांची त्यासाठी जी रांग लागली ती खिरीला लागत नाही. तिबेटी बाईंनी या वेळी पिशवीची चेन उघडली. याकच्या लोण्याची गोष्टच सोडा, साधं लोणीही आमच्या मे महिन्यात टिकलं नसतं. त्यांनी डालडा वितळवून दिवल्या भरल्या, कापसाच्या वाती बोटांनी वळून उभ्या केल्या आणि एकेक लावताना तोंडानं काहीतरी पुटपुटत गेल्या. आमच्यातल्या एका बाईनं विचारलं, हे कुणासाठी? त्यांनी सांगितलं, डोंगर ओलांडून येताना जे वाटेत राहिले त्यांच्यासाठी. त्यांचा धाकटा भाऊ राहिला होता. मी ज्याला कर्मकांड म्हणून पत्रिकेतून काढलं होतं, ते हे होतं. मी आजही दिवा लावून मेलेल्याला काही पोचतं असं मानत नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय नाव ठेवण्याची सवय मी त्या दिवशी सोडली.

मग आमच्या प्रतिज्ञा. सगळे उभे राहिले, आणि माझ्या वडिलांनी एकेक सांगितली, लोकांनी मागून म्हटली. एक मुलगी पाहुण्यांसाठी हिंदीतून सांगत होती. संपल्यावर एका तरुण लामांनी हात वर केला. त्यांचा प्रश्न प्रतिज्ञांवर नव्हता, आमच्या एका वक्त्यानं आधी म्हटलेल्या वाक्यावर होता, की बाबासाहेबांनी प्रचलित अर्थाचा पुनर्जन्म नाकारला. लामा म्हणाले, मग करुणा कशावर उभी राहील? आम्ही तर शिकतो की प्रत्येक प्राणी कधीतरी आपली आई होता, म्हणून त्याचं दुःख आपलं.

आमच्या बँकेत काम करणाऱ्या एका कार्यकर्त्यानं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातले चार प्रश्न मांडले. गृहत्यागाची रूढ कथा, चार आर्यसत्यं, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खूचं प्रयोजन काय, हे ते चार. त्यानं ते नीट मांडले. पण सभेचं वळण बदललं ते एका आजीबाईंमुळं. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मागल्या जन्मी पाप केलं म्हणूनच वेशीबाहेर जन्म झाला, असं आम्हाला सांगत होते, भन्तेजी. आमच्या विहिरीला तेच कारण, आमच्या चपलेला तेच कारण. तो मागला जन्म आम्ही पुन्हा घरात कसा घ्यायचा?"

दुभाषी मुलीनं ते हिंदीत सांगितलं. लामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की कर्माचा असा वापर होतो हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, ज्याच्यावर झाला त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आणि कुणाचं दुःख त्याच्या कर्माचं फळ म्हणून त्याला त्यात सोडून देणं हे त्यांच्या शास्त्रातही पापच आहे. आजीबाई म्हणाल्या, मग हे तुम्ही तुमच्या शाळेत शिकवा. चर्चा जेवणाच्या पंगतीत सुरू राहिली, पत्रावळी उचलल्यावरही चालली. कुणी कुणाचं मत बदललं नाही. पण ज्या वर्षी मसुद्यातून आम्ही प्रतिज्ञा आणि त्यांचा दिवा दोन्ही गाळले होते, त्या वर्षी हे बोलणं होण्याची शक्यताच नव्हती. बोलायला काही ठेवलंच नव्हतं.

मला आता वाटतं की किमान समान कार्यक्रम हा मुळात भीतीतून आलेला होता. माझ्या बाबतीत तरी. आपलं असं काही दाखवलं तर वाद होईल, त्यांचं पाहिलं तर आपली माणसं वाहवत जातील. महाराष्ट्रातल्या जुन्या बौद्धांना ही भीती फारशी नसावी, हे तर आपल्या डोंगरांतच कोरलेलं आहे. अजिंठ्याला ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहं बघा. ज्या काळात ती खोदली त्या काळी बुद्धाची मूर्ती करत नसत, स्तूपच पुजला जाई. तिथून थोडंच चालत गेलं की १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्व. औरंगाबादच्या लेण्यांत संकटांतून सोडवणारा अवलोकितेश्वर आहे, त्याच्याभोवती एकेका संकटाचं दृश्य कोरलेलं, आणि आत नृत्य करणारी ती सुंदर स्त्रीमूर्ती. आपली माणसं लेण्यांच्या सहलीला जातात, बुद्धमूर्तीसमोर वंदना म्हणतात आणि बोधिसत्त्वासमोरून पुढं निघतात; मी स्वतः कितीदा विद्यार्थ्यांना घेऊन तशीच पुढं गेले आहे. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला, तेव्हा इथं शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्षू असल्याचं आणि ते दोन्ही यानांचा अभ्यास करत असल्याचं त्यानं लिहून ठेवलं. त्याच्यामागून आलेला इत्सिंग तर सांगतो की विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, दोघांचा एकच. बोधिसत्त्वांना वंदन करणारे आणि महायान सूत्रं वाचणारे ते महायानी, न करणारे ते हीनयानी.

पण या सगळ्यांपेक्षा माझं मत ज्यानं कायमचं बदललं तो विषय स्त्रियांचा आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा लंकेला गेली. तिनं दोन गोष्टी नेल्या: बोधिवृक्षाची फांदी आणि भिक्खुणींची उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, देण्याची परंपरा. फांदी अनुराधपूरला रुजली. १९५६ ची दीक्षा झाली त्या नागपुरातल्या दीक्षाभूमीवरचा आपला बोधिवृक्ष त्याच झाडाचा वंशज. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तो लंकेहून आणला. दसऱ्याला आपण त्याला हात लावतो, पानं वेचून वहीत ठेवतो. पण संघमित्रेनं नेलेली दुसरी गोष्ट लंकेत टिकली नाही. अकराव्या शतकाच्या सुमारास, चोळांच्या स्वाऱ्यांच्या काळात, तिथला भिक्खुणी संघ संपला. थेरवादाचा नियम असा की स्त्रीला उपसंपदा द्यायची तर भिक्खुणीही हव्यात. भिक्खुणीच उरल्या नाहीत म्हणून नव्या होईनात, आणि नव्या होईनात म्हणून पुढं कधी होणारच नाहीत, असं शतकानुशतकं ठरून गेलं. मी पाली शिकवते, थेरीगाथा, म्हणजे जुन्या भिक्खुणींची काव्यं, शिकवते. आणि मुली विचारायच्या, मॅडम, आता थेरी का नाहीत? त्याला माझ्याकडं हेच उत्तर होतं.

मात्र पाचव्या शतकात, इसवी सन ४३३ च्या सुमारास, देवसारा नावाच्या सिंहली भिक्खुणी आपल्या सहकाऱ्यांबरोबर समुद्रमार्गानं चीनला पोचल्या होत्या आणि तिथल्या स्त्रियांना त्यांनी उपसंपदा दिली होती. ती परंपरा चीन, कोरिया, तैवानात पुढं चालू राहिली. त्या भिक्खुणी महायानी, त्यांचा विनय धर्मगुप्तकांचा, त्यांची सूत्रं वेगळी, वेषही वेगळा. आणि १९९६ च्या डिसेंबरात सारनाथला लंकेच्या कुसुमा आणि त्यांच्या सोबतिणींना उपसंपदा मिळाली ती कोरियन परंपरेच्या मदतीनं. १९९८ च्या फेब्रुवारीत बोधगयेला तैवानच्या फो गुआंग शान विहारानं मोठा उपसंपदा सोहळा केला, त्यात अनेक देशांच्या स्त्रिया होत्या, लंकेच्याही होत्या. त्याच वर्षी लंकेत दांबुल्ला इथं उपसंपदा सुरू झाल्या. नऊशे-हजार वर्षं बंद असलेलं दार उघडलं.

आता माझा तो किमान मसुदा इथं लावून पाहा. फक्त समान तेवढं ठेवू, असं त्या काळी सगळ्यांनी ठरवलं असतं तर चीनच्या त्या भिक्खुणींची परंपरा पहिल्यांदा गळाली असती. थेरवादात ती नव्हती, तिबेटमध्ये पूर्ण उपसंपदेची नव्हती, जपाननं तर भिक्षूंचेच नियम वेगळे केले होते. समान नव्हती म्हणूनच ती मोलाची होती. एकानं जे गमावलं ते दुसऱ्यानं सांभाळलेलं असतं, आणि कुणी काय सांभाळलं आहे हे आधी कळत नाही. भूतानमध्ये २०२२ च्या जूनमध्ये १४४ स्त्रियांना पूर्ण उपसंपदा दिली गेली; ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली तेव्हा एका मुलीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्या वर्गानं वाजवल्या. उद्या या सगळ्यांना कुणी विचारलं की नवयानानं काय सांभाळलं, तर त्याचं उत्तर बावीस प्रतिज्ञांत आहे. सर्व माणसं समान आहेत असं मानायचं, हे इतक्या स्पष्ट शब्दांत धम्माच्या दीक्षेतच आणून ठेवणारे आपण आहोत. ते आपणच संकोचानं गाळायचं?

काही गोष्टींवर मी अजून जिथली तिथं आहे. मनगटाला बांधायचे मंतरलेले दोरे मी आमच्या मंडपात वाटू देत नाही, मग ते थायलंडहून आलेले असोत की अजून कुठून. एका वर्षी कुणीतरी घरभरणीला शांती करून देतो म्हणून दक्षिणेचे आकडे सांगू लागला, त्याला मी स्वतः बाहेर नेलं. एकमेकांचं ऐकणं म्हणजे विचारशक्ती दाराशी ठेवणं नव्हे. आणि सगळ्या परंपरांनी एकत्र यायची कामं सणापुरती नाहीत. बोधगयेचं महाबोधी महाविहार १९४९ च्या कायद्यानं चालतं. व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू, आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. लंकेच्या अनागारिक धम्मपालांनी १८९१ मध्ये सुरू केलेला हा लढा १९९२ पासून नागपूरच्या सुरई ससाईंनी पुढं नेला. सिंहली माणसानं पेटवलेलं आणि जपानमध्ये जन्मलेल्या भन्तेंनी हाती घेतलेलं हे काम आपलं आहे असं मानताना आपल्याला कधी परकं वाटलं नाही. सणाच्या मंचावर मात्र मला परकं वाटत होतं, याचा विचार मी अजून करते.

सध्या आमच्या कार्यकारिणीत नवा वाद आहे. मंचावर भिक्खू वरच्या आसनावर बसतात आणि भिक्खुणी खाली बाजूला, सतरंजीवर. निमंत्रित भन्तेंपैकी काही म्हणतात, विनयात तसंच आहे. वयानं, वर्षावासानं कितीही मोठी भिक्खुणी असली तरी नव्या भिक्खूला तिनंच वंदन करायचं. तो नियम मला ठाऊक आहे, मी तो मुळातून वाचला आहे. तो नियम कोणी, कधी घातला याबद्दल अभ्यासकांत किती वाद आहेत तेही मला ठाऊक आहे. काही जण मला सांगतात, ताई, सर्व परंपरांचा सण आहे, सगळ्यांना चालेल असंच करा, आसनाचा विषय काढू नका. पुढच्या बैठकीत मी तो विषय पत्रिकेवर घ्यायला दिला आहे, आणि आमच्या मंचावर वर्षावासाच्या क्रमानं आसनं असावीत, भिक्खू आणि भिक्खुणी एकाच उंचीवर, हा ठराव माझ्या सहीनं मांडणार आहे. ज्यांना ते मान्य नाही त्यांनीही यावं आणि का मान्य नाही ते मंचावरून, लोकांसमोर सांगावं, म्हणून त्यांच्या निमंत्रणपत्रिका मी स्वतः नेऊन देणार आहे.